आबांची तारीख आणि सोळा के मेमरी

डिमोना
१७ फेब्रुवारी १९८५

चि. नाओमीस,
जुडादादाचा शालोम.

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या छातीत धस्स झालं असेल की कोण गेलं. कोणी गेलेलं नाही. तुझ्या वहिनीचे, सुझॅनचे गुडघे सोडले तर सगळे खुशाल आहेत. अकरा वर्षांत आपण एकमेकांना रोश हशानाच्या, नव्या वर्षाच्या कार्डापलीकडे काही लिहिलं नाही, त्यामुळे सुरुवात कशी करतात ते विसरलो आहे. म्हणून कामाचंच लिहितो.

गेल्या वर्षी मला इथल्या सिनेगॉगचा गबाय केलं. म्हणजे चाव्या माझ्याकडे आणि तक्रारीही माझ्याकडे. इथे घरोघरी एकच रड आहे. आपली वडील माणसं कोकणात वारली. दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथीला, अझकाराला मेणबत्ती लावायची, काद्दिशची प्रार्थना म्हणायची, ती हिब्रू तारखेने. लोकांना तारखा ठाऊक आहेत त्या इंग्रजी, नाहीतर गावच्या. परवा पनिनाबाई म्हणाल्या, "माझे सासरे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेले, म्हैस व्याली त्या वर्षी." म्हैस कोणत्या वर्षी व्याली हे सांगणारं माणूस आता डिमोनात उरलेलं नाही.

तर आमच्या मुलाने, शमशोनने तेल अविवहून एक छोटा विलायती कॉम्प्युटर आणून दिला. वहीएवढा, काळा, टीव्हीला जोडायचा. त्यात इंग्रजी तारीख घातली की हिब्रू तारीख निघेल असा प्रोग्रॅम मी महिनाभर खपून लिहिला. मग एका शनिवारी, शब्बाथला भर सभेत जाहीर केलं की एलूल महिन्याच्या आत आपल्या तीनशे बारा मयत माणसांच्या तारखा यंत्राने काढून देईन. शब्बाथमुळे टाळ्या पडल्या नाहीत, पण सगळे वळून माझ्याकडे बघत होते.

घरी येऊन नावं घालायला बसलो तेव्हा कळलं की यंत्राची मेमरी आहे एक के. एक के म्हणजे सात माणसं. आठवं नाव घातलं की पडदा पांढरा होतो आणि आधीचे सातही जातात. सातात तर सुझॅनचं माहेरसुद्धा बसत नाही.

यंत्राच्या मागच्या फटीत सोळा केची जादा मेमरी बाहेरून जोडता येते. विकतची इथे मिळत नाही, परंतु घरी बनवता येते, मासिकात आकृती आली आहे. थिअरी माझी पक्की आहे, रेडिओचा डिप्लोमा आहेच. पण हात कापतो आता. तू वर्कशॉपात दहा वर्षं बोर्डांना सोल्डरचे डाग लावते आहेस. करशील का?

आबांच्या तारखेशी या कामाचा काही संबंध नाही, हे आधीच लिहून ठेवतो.

तुझा,
जुडादादा


मित्स्पे रामोन
२६ फेब्रुवारी १९८५

जुडादादास शालोम.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं मधलं एखादं पान राहिलं. अकरा वर्षांपूर्वी तू सिनेगॉगच्या भिंतीवर आबांच्या नावाची संगमरवरी पाटी बसवलीस, मला न विचारता तीवर 'चौदा एलूल' कोरून घेतलंस, मी "तेरा" म्हणाले तर "तुला काय कळतं" म्हणालास, आणि मी जेवणाच्या ताटावरून उठून बस धरली. त्यावर एक ओळ नाही. थेट मेमरी! दादा, तुझी मेमरी पहिल्यापासून एक केच आहे, त्याला यंत्र काय करणार?

काम करते. तुझ्यासाठी नाही, पनिनाबाईंच्या सासऱ्यांसाठी. आमचा फोरमन यिगाल बाद बोर्डांच्या पेटीतून चिपा काढून घ्यायला हरकत घेत नाही. दोन-दोन केच्या आठ मिळाल्या की सोळा झाले. तो विचारत होता, घरी क्षेपणास्त्र बनवतेस का? म्हटलं, त्याहून अवघड आहे, माझ्या भावाचं काम आहे.

एक अट. मेमरी चालू झाली की पहिलं नाव आबांचं घालायचं. यंत्र सांगेल ते दोघांनी मान्य करायचं. आबा गेले तेव्हा मी घरात होते. उजेड होता. तेरा तारीखच निघणार.

मासिकाची आकृती पाठव, आणि मागच्या फटीतल्या पट्ट्यांचा नकाशा नीट, नंबर घालून पाठव.

नाओमी


डिमोना
७ मार्च १९८५

चि. नाओमीस शालोम.

अट मान्य. मी उशाशी होतो. साडेसातचा सुमार, बाहेर अंधार. यंत्र खोटं बोलत नाही, त्यामुळे मला काळजी नाही.

मासिकाचं कात्रण सोबत आहे. फटीत सोनेरी पट्ट्या आहेत, तेवीस वर, तेवीस खाली. नकाशा मी शिसपेन्सिलीने काढून मग शाईने गिरवला आहे. एकही चूक सापडायची नाही.

इकडे लोकांना दम नाही. रोज संध्याकाळी कोणीतरी तारीख घेऊन येतं. एकजण म्हणाला, "आमची आजी प्लेगात गेली." कोणत्या प्लेगात? तर म्हणे, "ज्यात ती गेली, त्या." हासाजी किहीमकर, आपले बोटीवरचे म्हातारे खलाशी, तुला आठवत असतील, ते रोज येऊन नुसते बसतात. तारीख सांगत नाहीत. यंत्राकडे बघतात, चहा पितात आणि जातात.

प्रोग्रॅममध्ये एक बारकी गोष्ट घातली, तिचा मला अभिमान आहे. आपला दिवस सूर्य मावळला की बदलतो. माणूस चोवीस ऑगस्टला दुपारी गेला तर एक हिब्रू तारीख, त्याच संध्याकाळी दिवे लागल्यावर गेला तर दुसरी. बऱ्याच जणांना हे सुचलं नसतं.

लवकर पाठव.

जुडादादा


मित्स्पे रामोन
३१ मार्च १९८५

जुडादादास शालोम.

बनली. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहे, खाली वर्तमानपत्र, वर सुती कापड. बसचा ड्रायव्हर त्स्वी बीरशेवाच्या स्टँडवर तुझ्या हातात देईल. त्याला वाटतं आत करंज्या आहेत. वाटू दे, म्हणजे डबा जपून आणील.

एकशे नव्वद डाग आहेत. एकेक भिंगाखाली बघितला आहे. यंत्र बंद असतानाच जोड. चालू असताना जोडलीस तर मला पत्र लिहू नकोस.

नाओमी


डिमोना
२ एप्रिल १९८५

नाओमीस.

यंत्र बंद असतानाच जोडली. मग चालू केलं. आधी जळक्या बांगडा मासळीसारखा वास आला, मग धूर. मग पूर्ण जिन्याचा फ्यूज उडाला. पेसाखच्या सणाला चार दिवस राहिलेत, सुझॅनने घर घासूनपुसून ठेवलं होतं आणि नवे पडदे लावले होते. पडद्यांना आता ढाब्याचा वास येतो. ती माझ्याशी बोलत नाही, मात्र शेजाऱ्यांशी माझ्याविषयी पुष्कळ बोलते आहे.

मी जळलेली वस्तू उलटून बघितली. नाओमी, तू सगळ्या पट्ट्या उलट्या जोडल्या आहेस! एक नंबरची तार तेविसाला, तेविसाची एकला. दहा वर्षांच्या अनुभवाचं हे फळ?

जुडा


मित्स्पे रामोन
१६ एप्रिल १९८५

दादास.

पेसाख होऊन जाऊ दिला, नाहीतर सणासुदीला वाईट बोलले असते.

तुझा नकाशा समोर ठेवून लिहिते आहे. तेवीस आकडे, सुवाच्य अक्षर, कोपऱ्यात तुझी सही आणि तारीखसुद्धा. फक्त एक गोष्ट कुठे लिहिलेली नाही, ती म्हणजे बघणारा उभा कुठे आहे. तू यंत्राच्या पुढे बसून, मान वाकवून, वरून बघत काढलास. मी समजले की मागून, फटीच्या तोंडाकडून बघून काढला आहे, कारण जोडणारा माणूस मागूनच जोडतो. तुझी डावी ती माझी उजवी झाली.

तू बसलास त्या जागेवरूनच सगळं जग दिसतं असं तुला जन्मापासून वाटतं. पाटीचंही तेच झालं.

दोन चिपा मेल्या. यिगालच्या पेटीतून दुसऱ्या काढल्या. या वेळी नकाशा मी स्वतः काढला आहे. तो यंत्राच्या मागे चिकटव, "इथे उभे राहून बघावे" असं वर लिहिलं आहे. यंत्राचं काही बिघडलं नसावं, ते तपास.

पडद्यांना दोन दिवस व्हिनेगरच्या पाण्यात भिजव म्हणावं वहिनीला. आणि तिला माझा शालोम सांग, तिचा काही दोष नाही.

नाओमी


डिमोना
२० मे १९८५

चि. नाओमीस शालोम.

यंत्र वाचलं. मेमरी चालली! पडद्यावर आकडा आला तेव्हा मी उभा राहिलो. सुझॅन म्हणाली, "बसा, राष्ट्रगीत नाही लागलेलं."

कबूल करतो, नकाशावर दिशा लिहायला हवी होती. पुढे.

आता नवीन दुखणं. मेमरी फटीत लोंबकळते. जरा जोरात कळ दाबली की हलते, आणि हलली की सगळं पुसलं जातं. पहिल्या आठवड्यात मी चाळीस माणसं घातली आणि शिंकलो. चाळीसही गेली. मग खाली पुठ्ठ्याची पाचर दिली. नव्वदपर्यंत पोचलो, तर वरच्या मजल्यावरच्या बाईने कुब्बेच्या गोळ्यांसाठी मटण कुटायला घेतलं. मी जिन्यात जाऊन ओरडलो, "बाई, तुम्ही नव्वद माणसं मारलीत!" तिने दार लावून घेतलं आणि नवऱ्याला पाठवलं. तो सहा फूट आहे. त्याला घरात आणून यंत्र दाखवलं, चहा दिला, तेव्हा म्हणाला, माझ्या मोरोक्कोतल्या आजोबांची तारीख काढून मिळेल का? आता तीनशे तेरा झाले.

हल्ली मी टाइप करतो तेव्हा सुझॅन स्वयंपाकघरात अनवाणी चालते. कॅसेटवर उतरवून ठेवतो, पण कॅसेट दर वेळी वाचली जातेच असं नाही. अट विसरलेलो नाही. पण आबांना या डळमळत्या मेमरीत घालायला हात होत नाही. एकदा गेले तेवढं पुरे.

काही उपाय?

जुडादादा


मित्स्पे रामोन
३० मे १९८५

दादास शालोम.

उपाय सोपा आहे. मेमरी फटीला थेट लटकवायचीच नाही. सोबत वीतभर लांबीची चपटी पट्टीची केबल पाठवते. तिचं एक टोक फटीत, दुसरं मेमरीला. मेमरी टेबलावर वेगळी ठेव, खाली घडी केलेला रुमाल. आता यंत्र हललं तरी मेमरी हलत नाही आणि मेमरी हलली तरी यंत्राला कळत नाही. फटीतल्या सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर फिरव, मळ निघून चमकल्या पाहिजेत. केबल वीतभरच ठेव, लांब केलीस तर आकडे वाटेत चुकतात.

शिंकायला हरकत नाही.

तुझं "एकदा गेले तेवढं पुरे" वाचलं. त्यावर आत्ता काही लिहीत नाही.

नाओमी


डिमोना
२३ जून १९८५

चि. नाओमीस शालोम.

केबल उत्तम! तीन आठवड्यांत एकही माणूस हरवला नाही. वरची बाई खुशाल कुटते आहे.

काल शब्बाथ संपल्यावर ठरल्याप्रमाणे आबांचं नाव घातलं. शिमोन चेऊलकर, रेवदंडा, चोवीस ऑगस्ट एकोणीसशे त्रेपन्न. यंत्राने दोन मिनिटं विचार केला आणि पडद्यावर स्पष्ट अक्षरांत उत्तर दिलं: चौदा एलूल.

मला यात आनंद मानायचा नाही. मी मोठा आहे, तू लहान आहेस, झालं गेलं विसरून जाऊ. पाटी बरोबर आहे एवढंच.

तुझा,
जुडादादा

ता. क. नाओमी वन्सं, पाकीट टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून दोन ओळी लिहिते. पडदे व्हिनेगरने चांगले निघाले. यंत्राने उत्तर देण्याआधी यांना एक प्रश्न विचारला होता: "सूर्यास्ताआधी की नंतर?" यांनी "नंतर" दाबलं. मी मागे उभी होते. तुमची, सुझॅन.


मित्स्पे रामोन
२७ जून १९८५

दादा,

चार महिने. तीनशे ऐंशी डाग, दोन मेलेल्या चिपा, एक केबल. माझी बोटं पोळली. एवढं सगळं करून आपण एक यंत्र उभं केलं, ते तुला विचारतं, आबा कधी गेले? आणि तू त्याला सांगतोस. आणि मग ते तुला सांगतं. आणि मग तू मला सांगतोस की यंत्र म्हणतं!

असा साक्षीदार तर आमच्या गल्लीतला पोपटही होईल.

मी "आधी" दाबलं असतं तर तेरा आलं असतं. मग इतकं सोल्डर कशाला जाळलं?

नाओमी

वहिनीला माझं प्रेम.


डिमोना
४ ऑगस्ट १९८५

प्रिय नाओमी,

महिनाभर लिहिलं नाही. रागाने नाही. तुझं पत्र आलं तेव्हा राग आलाच होता, सुझॅनशी तर तीन दिवस बोललो नाही. तिच्या ते ध्यानातही आलं नाही. पण नंतर एक गोष्ट घडली.

गेल्या आठवड्यात हासाजी नेहमीसारखे आले. चहा झाला. मग खिशातून एक तार काढली, पिवळी पडलेली, घड्यांवर फाटलेली. त्यांची आई वारली त्याची. ते तेव्हा बोटीवर होते, एडनच्या पुढे. तार त्यांच्या हाती पडली दोन महिन्यांनी. मी नाव घातलं, तारीख घातली, आणि सवयीप्रमाणे मोठ्याने विचारलं, "सूर्यास्ताआधी की नंतर?"

म्हातारा तार उलटसुलट करून बघू लागला. मी पुन्हा विचारलं. तर म्हणाले, "जुडा, मी नव्हतो ना रे तिथे. नव्हतो, असं घालता येतं का त्यात?"

नाओमी, माझ्या प्रोग्रॅममध्ये दोनच उत्तरं आहेत. तिसरं मी ठेवलेलंच नव्हतं. ते बिचारे पडद्याकडे बघत रडले आणि मी टीव्हीचा आवाज कमी केल्यासारखं करत बसलो, टीव्हीला आवाज नसताना.

म्हणून आता लिहितो, नाहीतर पुन्हा जमायचं नाही. मी उशाशी नव्हतो.

त्या दिवशी सकाळी आबांना बरं वाटत होतं. म्हणाले, "जा, काम करून ये." चौलला खोतांचा रेडिओ नादुरुस्त होता. चार वाजता दुरुस्त झाला. त्यांनी चहा ठेवला, गाणी लागली, सगळे म्हणाले बसा हो. मी बसलो. माझ्या हाताने चालू झालेला रेडिओ होता, चार माणसं वाहवा करत होती, मला उठवेना. घरी पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. आई दारातच म्हणाली, "आत्ताच गेले रे." ते 'आत्ताच' म्हणजे किती, हे मी तिला कधी विचारलं नाही. ती तेरा वर्षं त्यानंतर जगली, रोज समोर होती, तरी विचारलं नाही. ती "पाच वाजता" म्हणाली असती तर?

अंधार पडल्यावर गेले असतील तर मी थोडक्यात चुकलो. उजेडी गेले असतील तर मी तासभर गाणी ऐकत होतो. म्हणून चौदा. संगमरवरात कोरून घेतली, म्हणजे कोणी पुसणार नाही.

मी आलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. मी पुरुषांबरोबर ओट्यावर बसलो. तू आत बायकांत होतीस. तू होतीस त्यांच्याजवळ, हे मला नेहमी बरं वाटत आलं आहे, आणि त्याचा रागही येत आला आहे. तू उजेड होता म्हणतेस तर उजेड असेल. पाटी बदलून घेतो.

जुडादादा


मित्स्पे रामोन
११ ऑगस्ट १९८५

दादा,

पाटी बदलू नकोस. मी घरात नव्हते.

हे वाक्य लिहायला चार दिवस लागले. वर्कशॉपात एका बोर्डाला दोनदा डाग लावला, यिगाल विचारू लागला बरी आहेस ना.

तुला आठवत असेल, त्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. मी अठरा वर्षांची. कोळीवाड्यातल्या मैत्रिणी बोलवायला आल्या. आई म्हणाली, "जा, पण दिवेलागणीला घरी ये." खाडीवर नारळ सोडले, गाणी झाली, पोरी नाचायला लागल्या. दिवेलागण झालेली मला दिसली, दादा. पलीकडे घरांत एकेक दिवा लागताना मी बघितला आणि म्हटलं, अजून थोडं. घरी आले ती परसदारी, आईने रागावू नये म्हणून मागून. आत शिरले तर बायका बसलेल्या. मी त्यांच्यात जाऊन बसले. कोणी विचारलं नाही कुठे होतीस. सगळ्यांना वाटलं मी तिथेच होते. दारातून तू ओट्यावर दिसत होतास, मला वाटलं तू सकाळपासून असशील.

आबा उजेडी गेले असतील तर मी वेळेवर आले असते तरी उपयोग नव्हता. म्हणून तेरा. दिवे लागल्यावर गेले असतील तर मी नाचत होते.

म्हणजे एक रेडिओ ऐकत होता आणि एक नाचत होती, आणि अकरा वर्षं दोघं शपथेवर सांगत होतो की घड्याळात किती वाजले होते. आबांना हे कळलं असतं तर ते काय म्हणाले असते? मला वाटतं त्यांनी आधी विचारलं असतं, रेडिओला झालं काय होतं.

आईने तर कधी हिशेबच केला नाही. ती होती तोवर दर नारळी पौर्णिमेला दिवा लावायची आणि उठून भात टाकायची.

हासाजींना काय सांगितलंस?

नाओमी


डिमोना
१८ ऑगस्ट १९८५

प्रिय नाओमी,

तुझं पत्र सुझॅनला वाचून दाखवायला घेतलं, अर्ध्यात तिने हातातून घेऊन स्वतः वाचलं. मला पुढे दिसत नव्हतं. चष्म्याचा नंबर वाढला असावा.

प्रोग्रॅममध्ये तिसरं उत्तर घातलं आहे: "माहीत नाही." ते दाबलं की यंत्र दोन्ही तारखा देतं. सिनेगॉगात प्रार्थना चालवणारे आपले हझान इझिकेल यांना विचारून मगच केलं. ते म्हणाले, "दोन्ही दिवस लावा. जास्त उजेडाबद्दल मेलेल्या माणसाने तक्रार केल्याचं मी ऐकलेलं नाही." हासाजींना आधी बोलावून दाखवलं. त्यांनी स्वतःच्या बोटाने कळ दाबली. मग बाकीच्यांना निरोप धाडला की कोणाला आपलं उत्तर बदलायचं असेल तर या. नाओमी, रांग लागली! तीनशे तेरांपैकी एकशे अठ्ठ्याऐंशी लोकांनी "माहीत नाही" दाबलं. छातीठोक बोलणारे होते त्यांतले पुष्कळ. पनिनाबाई म्हणाल्या, "मी तर त्या वेळी माहेरी होते, पण सासरी असं सांगायचं कसं?"

यंदा तेरा एलूल गुरुवारी संध्याकाळी लागते आणि चौदा शुक्रवारी, शब्बाथबरोबर. दोन्ही मेणबत्त्यांना ये. शुक्रवारी दुपारनंतर बस नाही आणि शनिवारी रात्री तुला एकटीला जाऊ देणार नाही, तेव्हा रविवारपर्यंत राहावं लागेल. ताटावरून उठलीस तरी जाणार कुठे?

दादा


डिमोना
१ सप्टेंबर १९८५

चि. शमशोनला आईचे अनेक आशीर्वाद.

मोठ्या अक्षरात लिहिते आहे, म्हणजे तुला मराठी वाचता येत नाही ही सबब चालणार नाही. उत्तर हिब्रूत दिलंस तरी चालेल, पण दे.

तुझी नाओमीआत्या गुरुवारी दुपारी आली. आज सकाळी गेली. तू तिला शेवटचं बघितलंस तेव्हा तुझी तेराव्या वर्षाची बार मिट्झ्वा व्हायची होती. केस पांढरे झालेत, जीभ तशीच आहे. एका पिशवीत कपडे, दुसरीत सोल्डरिंग आयर्न आणि पकड. दारात तुझे बाबा शर्टाची वरची गुंडी लावून उभे होते, काहीतरी बोलणार होते. ती त्यांच्या बाजूने आत गेली, थेट टेबलापाशी, आणि म्हणाली, "रुमाल कुठाय? रुमाल ठेवायला सांगितला होता ना मेमरीखाली?" ते म्हणाले, "रुमाल धुवायला टाकला." दोघं तिथेच खाली बसले आणि केबल काढून खोडरबराने घासू लागले. अकरा वर्षांनंतर! मी चहा आणला तो तसाच गार झाला.

मग भांडणं सुरू झाली. आबा चहात गूळ घालत की साखर. आबांची काठी वेताची की बांबूची. रेवदंड्याच्या घराला खिडक्या पाच होत्या की सहा. मी म्हटलं, घाला यंत्रात. कोणी हसलं नाही. जेवताना नाओमीआत्या दोनदा ताटावरून उठली. मी दाराकडे बघितलं, तर ती लोणचं आणायला उठली होती.

तुझ्या बाबांच्या यंत्राचं काम झालं, पण ते पूर्ण नव्हतं, हे तुला म्हणून सांगते. त्याला छापता येत नाही. भिंतीवर लावायची यादी टीव्हीवर बघून बघून मी हाताने उतरवली, तीनशे तेरा नावं. सगळे जुडाचं यंत्र जुडाचं यंत्र म्हणतात. नाओमीआत्याने मात्र यादीखाली माझं नाव लिहायला लावलं. तिचं स्वतःचं लिहायला विसरली, ते मी लिहिलं.

गुरुवारी संध्याकाळी तेरा तारखेची मेणबत्ती लावली. ती चोवीस तासांची असते. तुझ्या बाबांनी लावली, ती शेजारी उभी राहिली. हासाजी आले होते, वरचा मोरोक्कोवाला आला होता, इझिकेल हझान होते. काद्दिश झाला, जेवणं झाली.

शुक्रवारी सूर्य खाली उतरू लागला तेव्हा स्वयंपाक उरकून मी पदराला हात पुसत बाहेर आले. शब्बाथच्या आधी दुसरी मेणबत्ती लावायची होती. पहिली अजून जळत होती, तळाला बोटभर मेण उरलं होतं. नाओमीआत्याने काडी न ओढता दुसरी मेणबत्ती तिच्यावरच धरून पेटवली आणि शेजारी ठेवली. दोन्ही जळत होत्या, एक संपत आलेली, एक नवी. बाहेर ना धड उजेड होता, ना धड अंधार.

तुझ्या बाबांनी चष्मा पुसून परत घातला. मग म्हणाले, "नाओमी, आता तूच सांग. आबा कधी गेले?"

तिने हातातलं मेण नखाने खरवडलं. म्हणाली, "आपण दोघं घरी आल्यावर."

त्यांनी मान हलवली. मग मला म्हणाले, "सुझॅन, भात करपतोय वाटतं." भात मी कधीच उतरवला होता. तरी मी आत गेले आणि थोडा वेळ तिथेच थांबले.

तुझी आई,
सुझॅन